गळ्याचा रुपया

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडया सुरू होतात. भंडारा-गोंदियाच्या माणसाला मंडई म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो, म्हणून सांगतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. मधल्या दिवसांत एकेक गाव आपला दिवस धरतं आणि मंडई भरवतं. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरे येतात. चौकात शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, जिलेबीच्या कढया. दिवसा खडी गंमत नाहीतर दंडार, आणि रात्री नाटक.

खडी गंमत म्हणजे उभ्याने करायची गंमत. तिला पडदा लागत नाही, मंच लागत नाही. शाहीर डफ घेऊन मधे उभा, मागे झीलकरी, बाजूला ढोलकी, तुणतुणं, झांज आणि साडी नेसलेला नाच्या. लोक भोवती गोल करून बसतात. आधी गण, मग गवळण, मग लावणी, पोवाडा, हसवाहसवी. दोन पार्ट्या आल्या असतील तर कलगी-तुऱ्याचा सामना. तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. जवाब आला नाही तर त्याची हार. गाणं आवडलं की कोणी रुपया, कोणी चार आणे बक्षीस देतं. शाहीर ते डफावर ठेवून देणाऱ्याचं नाव गाण्यातच गुंफतो. आपलं नाव शाहिराच्या तोंडून निघावं म्हणून माणसं वर्षभर वाट पाहत.

आमचं गाव आमगाव आणि सालेकसाच्या मधलं. गावचा शाहीर कलगीवाला होता आणि महार टोल्यावर राहत होता. पोट बिडीवर. दिवसभर मांडीवर सूप घेऊन तेंदूपत्ता कापायचा, बिड्या वळायचा. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल घेऊन जायचा. सट्टेदार त्यातली बरीच बिडी छाटीत काढायचा. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत, बिडी मात्र परत मिळायची नाही. हे सगळं तो गाण्यात आणायचा, आणि सट्टेदारही समोर बसून हसायचा. त्याचा आवाज मी काय सांगू? पहाटे तळ्याच्या पाळीवरून त्याने हाक मारली तर दुसऱ्या पाळीवरचा माणूस उठून बसे.

आमचे बाबूजी त्या आवाजाचे भक्त होते. घर बऱ्यापैकी धानकऱ्याचं, गावात शब्दाला मान. दर मंडईला बाबूजींचा एक रुपया ठरलेला. त्या काळी रुपया म्हणजे लहान गोष्ट नव्हती. शाहीर आमच्या घरी यायचा तो अंगणापर्यंत. ओसरीवर नाही. त्याला पाणी प्यायला परसात एक वेगळा गडवा होता. तो गडवा आणि तो रुपया एकाच घरातले होते. मला लहानपणी यात काही वेगळं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

१९५४ साली मी आठ वर्षांचा होतो. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्या वर्षी भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता, प्रत्येकाला दोन मतं. टोल्यावर रोज रात्री जलसा. गॅसबत्ती लावून आमचा शाहीर उभा राहायचा आणि बाबासाहेबांचं गाणं म्हणायचा. सारं गाव ऐकायला जायचं. टोल्यात कोणी शिरत नसे, चिंचेखाली अलीकडे उभं राहून ऐकत. विनोदाला हसत, टाळ्या वाजवत. सकाळी विहिरीवर आमच्या घरच्या बायाही ती चाल गुणगुणत. शब्द गाळून, नुसती चाल.

मे महिन्यात मतदान झालं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले. बाबासाहेब पडले. संविधान लिहिणारा माणूस आमच्या जिल्ह्याने पाडला. बाबूजी तेव्हा काँग्रेसचे. पुष्कळ वर्षांनी एकदा ते स्वतःच बोलले, "आमी टाळ्या शाहिराले देल्ल्या अन् मत दुसऱ्याले देल्लं. सारं गाव तसंच होतं." त्या दिवाळीला शाहीर मंडईत नेहमीसारखा गायला. निवडणुकीचं नाव त्याने काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. बाबूजींनी रुपया दिला, त्याने घेतला. त्या रुपयाची मला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. टोल्यावरची माणसं आमगाव टेसनावरून गाडीने गेली. शाहीर घरच्यांना घेऊन गेला. परत आला तो पांढरे कपडे घालून. थोड्याच दिवसांनी दिवाळी आणि मंडई. गावच्या पंचांनी नेहमीप्रमाणे त्याला सुपारी पाठवली. तो म्हणाला, येतो, पण गण म्हणणार नाही, गवळण म्हणणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. त्यांत देवांना मानणार नाही असं म्हटलंय.

गावात खळबळ माजली. गणाशिवाय गंमत सुरू कशी होणार? कोणी म्हणालं, दुसरी पार्टी आणा. बाबूजी म्हणाले, "दुसरी पार्टी आना, पन तो गळा कोठून आनसान?" शेवटी तोच आला. बुद्धाला वंदन करून त्याने डफावर थाप मारली. लोक जरा चुळबुळले आणि मग ऐकू लागले.

आमची आजी मात्र बसून राहिली ती गवळणीसाठी. त्याची गवळण म्हणजे तिचा जीव. गोठ्यात धार काढताना ती त्याच्याच चालीवर म्हणायची. गंमत संपल्यावर ती काठी टेकत त्याच्यापाशी गेली.

"शाहीर, एक गवळन तं म्हन रे बाप्पा. कोनी नाई आयकत आता. माह्यासाठी म्हन."

शाहीर हात जोडून उभा राहिला. "आजी, आवाज तोच आहे जी, पन वाट बदलली. तुमाले वाईट वाटते, मलेबी वाटते. पन आता नाई म्हनत."

आजी घरी येऊन रडली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली, पण ती गवळण तिने पुन्हा ऐकली नाही. लोक म्हणतात, कलाकाराची कला घ्यावी, विचार सोडून द्यावा. मला ते बोलणं कधी पटलं नाही, त्याचं कारण ही रात्र आहे. विचार बदलला तेव्हा गाणंही बदललं. आम्हाला हवं ते गाणं त्याच्याकडे होतं, आमच्यासाठी ठेवलेलं नव्हतं. चिंचेखाली उभं राहून नुसती चाल उचलणाऱ्या माझ्या गावाला हे पहिल्यांदा त्या रात्री कळलं असावं.

आता विदर्भाची गोष्ट. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करावं अशी शिफारस केली होती. भंडारा त्यातलाच एक. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी ही मागणी लावून धरली होती. बाबूजी त्याच विचाराचे झाले. पण शिफारस बाजूला पडली आणि १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. नागपूरची राजधानी गेली. रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचता येणारं सरकार आता मुंबईला जाऊन बसलं. बाबूजी आमगावच्या बाजाराचं उदाहरण द्यायचे. एका बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी, पाच बोल्या. येथे भाषेचं राज्य म्हणजे काय, आणि ते मुंबईहून कसं चालणार?

शाहीर दुसऱ्या बाजूला. बिडी कामगारांच्या युनियनमधून त्याच्याकडे मुंबईच्या शाहिरांच्या पुस्तिका यायच्या. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक काढलं होतं. पुढे हीच मंडळी संयुक्त महाराष्ट्राचा आवाज झाली. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आमच्या शाहिराने कोणाकडून तरी ऐकून उचलली होती. मुंबईत कमवायला गेलेला माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको. त्यातूनच मग तुटलेल्या मुलखाचं दुःख. आमच्या गावची माणसं नागपूरच्या गिरणीत होती, कोणी भिलाईला गेलेली. ते गाणं निघालं की बाया पदराने डोळे पुसायच्या. एकदा मी बाबूजींकडे पाहिलं. तेही पुसत होते. आणि घरी येताना वाटेभर संयुक्त महाराष्ट्र कसा चूक आहे ते मला समजावत होते.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. त्या दिवाळीनंतरच्या मंडईत शाहिराने महाराष्ट्राचा पोवाडा म्हटला. मुंबईत गोळ्या खाऊन मेलेली शंभरावर माणसं त्याने एकेक करून डोळ्यांपुढे उभी केली. मी चौदा वर्षांचा होतो, माझ्या अंगावर काटा आला. पोवाड्याच्या शेवटी विदर्भवाल्यांना एक कोपरखळी होती. एकच घर, त्यात रुसून बसलेला भाऊ, अशी काहीशी. सगळ्यांच्या माना बाबूजींकडे वळल्या. बाबूजी उठले. मला वाटलं, निघाले. पण ते पुढे गेले आणि डफावर रुपया ठेवला.

"शाहीर, हा रुपया गळ्याले आहे. गोष्टीले नाई."

शाहीर हसला. "पाटील, रुपया घेतला. गोष्टीचा जवाब तुमच्याकडं उधार राह्यला."

ही उधारी बाबूजींनी मनावर घेतली. त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं. त्यांनी तिरोड्याकडचा एक तुऱ्याचा शाहीर गाठला, त्याला आठ दिवस घरी ठेवून घेतलं आणि विदर्भाची सगळी बाजू समजावून सांगितली. १९६१च्या मंडईत सामना लागला. मी पुष्कळ गंमती पाहिल्या, पण असा सामना पुन्हा पाहिला नाही. तुरेवाल्याने आयोगाची शिफारस गाण्यात आणली, गेलेली राजधानी आणली, आमगावच्या पाच बोल्या आणल्या. आणि शेवटी बाबूजींनी राखून ठेवलेला सवाल टाकला. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात मराठी मुलखाची चार राज्यं करा म्हटलं, पूर्वेकडचं वेगळं म्हटलं. मग बाबासाहेबांचा शाहीर संयुक्त महाराष्ट्राचं गाणं कसं गातो?

सवाल खरा होता. बाबासाहेबांचं मत तसंच होतं. मोठ्या भाषिक राज्यात एकच मोठी जात बाकीच्यांवर राज्य करील, ही त्यांची भीती होती. त्यांचा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत गेला, हेही खरं. टोल्याकडची माणसं गप्प झाली. बाबूजी मिशीवर हात फिरवत बसले.

शाहिराने डफ खाली धरला. थोडा वेळ नुसतं तुणतुणं चालू होतं. मग त्याने जवाब दिला तो अगदी खालच्या आवाजात. मतलब असा: बाबासाहेबांनी हिशोब मांडला, मोठ्याने लहानाला दाबू नये म्हणून. तो हिशोब पाटलांनी वाचला, चांगलं झालं. पण पाटलांनी तो मुंबईपर्यंत नेला आणि आपल्या अंगणात आणला नाही. विदर्भ झाला तर माझ्या टोल्याला गावच्या विहिरीचं पाणी मिळेल का, एवढा एकच सवाल. याचा जवाब हो असेल तर मी आत्ता विदर्भाचं गाणं म्हणतो.

कोणी काही बोललं नाही. अस्पृश्यतेचा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती आणि आमच्या परसात गडवा तसाच होता. तुऱ्याचा शाहीर बाबूजींकडे पाहू लागला, कारण हा जवाब त्याला शिकवलेला नव्हता. रीतीप्रमाणे हार तुऱ्याची झाली. बाबूजींनी रुपया ठेवला. या वेळी काही बोलले नाहीत.

दोन-तीन वर्षांनी बाबूजी ग्रामपंचायतीत गेले आणि टोल्यावर विहीर बांधून झाली. पुढच्या मंडईत ते जरा ऐटीत बसले. शाहिराने विहिरीचं गाणं म्हटलं, पाण्याच्या गोडीचं वर्णन केलं, पंचायतीचे आभार मानले. आणि शेवटी म्हटलं की वेगळी विहीर म्हणजे अर्धा जवाब, अर्धा अजून येणं आहे. बाबूजी सगळ्यांदेखत मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बराबर आहे." गडवा परसातून कधी गेला ते मला नेमकं आठवत नाही. आजी गेल्यानंतर केव्हातरी. पण शाहीर ओसरीवर बसून चहा प्यायचा ते मला चांगलं आठवतं. दोघं पुढे वीस वर्षं भांडले. १९६२ला अणे नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले तेव्हा बाबूजींनी पेढे वाटले, एक शाहिराच्या हातात कोंबला. १९६६ला बिडी कामगारांचा कायदा झाला तेव्हा शाहिराने बाबूजींना तो अख्खा वाचायला लावला. दोघांनी एकमेकांची बाजू सोडली नाही. बाबूजी मेले तेव्हा विदर्भवादीच होते.

मी स्वतः कोणाच्या बाजूचा? तरुणपणी पोवाड्यांनी मला संयुक्त महाराष्ट्राचा केला. पुढे मास्तरकी करताना आमच्या भागाचे रस्ते आणि शाळा पाहून बाबूजींचं म्हणणं हळूहळू पटत गेलं. आज मी विदर्भवादी आहे. पण अमर शेखांचा आवाज कुठे लागला तर हातातलं काम थांबवतो. मला यात विसंगती वाटत नाही. ज्याचं म्हणणं पुरतं ऐकलं त्याला नाही म्हणता येतं. न ऐकताच ठेका धरणं, १९५४ साली आम्ही केलं तसं, त्याला मी रसिकता म्हणत नाही.

एक मर्यादा मात्र मला सापडली. नोकरीच्या मधल्या काळात मी देवरीकडे होतो. ऐंशीच्या दशकापासून त्या जंगलात नक्षल्यांचे दलम फिरू लागले होते. त्यांची कलापथकं गोंडी रेल्याच्या चालींवर नवी गाणी बांधायची. शाळेतली पोरं ती खेळता खेळता म्हणायची. चाल जुनी आणि गोड, लग्नात नाचायची. शब्दांतलं दुःखही पुष्कळ खरं होतं: तेंदूपत्त्याचा भाव, जंगल खात्याचा जाच. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो. आवडायचंही. पण त्या गाण्याला जवाब देता येत नव्हता. रात्री गाणाऱ्यांच्या खांद्यावर बंदूक असे, आणि दिवसा ऐकणाऱ्याकडे पोलीस संशयाने बघत. मला बाबूजींचा रुपया आठवायचा. 'गळ्याला आहे, गोष्टीला नाही' असं तोंडावर म्हणता येतं तिथेच गाणं मोकळेपणी ऐकता येतं. शाहिरालाही आमच्या गावात ते मोकळेपण आधी कुठे होतं? अंगणात उभा राहणारा माणूस ओसरीवरच्याला काय जवाब देणार? डफ हातात होता म्हणून तो विहिरीचा सवाल टाकू शकला.

१ मे १९९९ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. राजधानी मुंबईतच आहे. मंडया अजून भरतात, दिवसाच्या गंमतीपुढे आता मोठे भोंगे असतात. शाहिराचा नातू पार्टी चालवतो. गळा आजोबांचा नाही, पण बरा आहे. गेल्या मंडईत त्याने एका पुढाऱ्याच्या कौतुकाचा पोवाडा म्हटला. पुढारी समोरच बसलेला. मला तो पोवाडा मुळीच पटला नाही. मी दहाची नोट आणि एक चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं: गळ्याला बक्षीस, गोष्टीचा जवाब उधार.

पोराने चिठ्ठी वाचली. आजोबांकडून त्याने ती गोष्ट ऐकली असावी. माझ्याकडे पाहून हसला आणि माईकवर म्हणाला, "मास्तरजी, नोट घेतली. जवाब पुढच्या मंडईले आना."

मी सत्तरी ओलांडली आहे. जवाब लिहायला घेतला आहे. चाल लावून देणारा कोणी तुऱ्याचा शाहीर शोधतो आहे.